लुटुपुटीचे राज्य आणि खरे नागरिक

मराठीतील 'लुटुपुटीचा' हे विशेषण मोठे अर्थपूर्ण आहे. लुटुपुटीची लढाई म्हणजे जिच्यात कोणी मरत नाही अशी लढाई. लुटुपुटीचा संसार म्हणजे दिवेलागणीला आवरून टोपलीत भरून ठेवता येतो असा संसार. भातुकलीच्या चुलीत विस्तव नसतो आणि बोळक्यात भात नसतो, हे खेळणाऱ्या मुलींनाही ठाऊक असते आणि कौतुकाने पाहणाऱ्या आजीलाही ठाऊक असते. या उघड्या गुपितावरच त्या खेळाचे सारे सुख उभे असते. परंतु अशी कल्पना करावी की, हाच लुटुपुटीचा संसार लाखो प्रौढ माणसांनी एकाच वेळी मांडला. तो संध्याकाळी मोडला नाही, वर्षानुवर्षे तसाच चालू राहिला. आणि त्यातील एक खेळाडू उठून झोपी गेला तरी त्याच्या अनुपस्थितीत तेथील बाजार भरत राहिले, मोहिमा निघत राहिल्या, मैत्र्या जडत आणि तुटत राहिल्या. अशा संसाराला लुटुपुटीचा म्हणावे काय? संगणकाच्या जाळ्यावर हजारो माणसे एकत्र येऊन जे अद्भुतरम्य भूमिका-खेळ खेळतात, त्यांनी हा प्रश्न प्रत्यक्षात उभा केला आहे. त्या खेळांचा अनुभव कसा असतो आणि त्यातले खरे कोणते व लटके कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या खेळांची वंशावळ फार जुनी नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात सोंगट्यांच्या पटापेक्षा संभाषणाला महत्त्व होते. चारपाच मित्र मेजाभोवती बसत. त्यातील एकजण कथा सांगे, बाकीचे योद्धा, जादूगार, चोर अशा भूमिका घेऊन त्या कथेतून वाट काढीत, आणि कठीण प्रसंगी फासे टाकून निर्णय होई. पुढे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एका मोठ्या संगणकावर असेच एक जग रचावयास आरंभ केला आणि रिचर्ड बार्टल या सहाध्यायाने ते पुढे नेले. त्या जगात चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. पडद्यावर अक्षरे उमटत: येथे अरुंद वाट आहे, उत्तरेला दरी आहे. खेळाडू एकदोन शब्दांची आज्ञा टंकलिखित करी आणि पुढचे वर्णन वाची. मात्र त्या अक्षरांच्या दरीत त्याला दुसरा माणूस भेटे, आणि तो खराखुरा असे. आज दिसणारी ही सर्व जगे त्या एका गोष्टीची संतती होत. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन', १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' असे क्रमाने खेळ आले. २०१० साली या अखेरच्या खेळाच्या वर्गणीदारांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली होती. एखाद्या मध्यम आकाराच्या देशाइतकी ही वस्ती होय.

अशा जगात प्रथम पाऊल ठेवणाऱ्याचा अनुभव कसा असतो? 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चेच उदाहरण घ्यावे. नवागत आपल्यासाठी एक देह निवडतो. तो मनुष्य असेल, खुजा असेल किंवा वनात राहणारा दीर्घकर्ण एल्फ असेल. मग तो एक पेशा पत्करतो आणि एक नाव धारण करतो. मनुष्यकुळातील पात्राचा जन्म एका मठाच्या अंगणात होतो. तेथे त्याला कोणी राज्य देत नाही किंवा भविष्यवाणीही ऐकवीत नाही. परिसरात लांडगे माजले आहेत, त्यातले काही मारून आण, इतकेच क्षुल्लक काम त्याच्या वाट्यास येते. ते केले की थोडा अनुभव आणि चार तांब्याची नाणी मिळतात. त्यातून एखादा बरा अंगरखा येतो, मग पुढचे गाव, पुढचे काम. मरण येते, पण ते अखेरचे नसते. मेलेल्याचा आत्मा स्मशानात प्रकट होतो आणि आपल्याच प्रेतापर्यंत धावत जाऊन पुन्हा देह धारण करतो. कुडी बदलण्याची कल्पना ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे अशा भारतीय खेळाडूलाही स्वतःच्याच कलेवराकडे अशी धाव घेताना प्रथम हसू आल्यावाचून राहत नसेल.

या आरंभीच्या दिवसांत मनावर सर्वांत खोल ठसा उमटतो तो अंतराचा. आरंभीच्या काळात या खेळातील साठ पायऱ्यांपैकी चाळिसावी पायरी गाठीपर्यंत खेळाडूला घोडा मिळत नसे. तोवर जावयाचे ते पायी. एका गावाहून दुसऱ्या गावी पोचावयास खरी दहा-पंधरा मिनिटे लागत, वाटेत रात्र होई, झाडीतून आपल्याहून बलवान श्वापद अंगावर येई. कादंबरी वाचणारा प्रवासाचे वर्णन एका वाक्यात ओलांडतो. येथे तो प्रवास चालावा लागतो. म्हणूनच डोंगराचा माथा ओलांडून खाली एखादे नगर दिसले म्हणजे होणारा आनंद हा नुसत्या चित्रदर्शनाचा नसतो. त्यात दमलेल्या वाटसरूचा वाटा असतो. वर्षांनंतरही खेळाडू त्या वाटांविषयी बोलतात ते आपल्या आजोळच्या वाटांविषयी बोलावे तसे बोलतात.

दुसरा ठसा परक्याचा. या जगात दोन पक्ष आहेत आणि त्यांचे पूर्वापार वैर आहे. रचनाकारांनी त्यांच्या भाषाही निराळ्या ठेवल्या. एका पक्षाच्या खेळाडूने लिहिलेले वाक्य दुसऱ्या पक्षाच्या खेळाडूला निरर्थक अक्षरांच्या रूपात दिसे. परंतु हात हलविणे, वाकून नमस्कार करणे, हसणे या खुणा मात्र दोघांनाही कळत. निर्जन माळावर शत्रुपक्षाचा कोणी समोर ठाकला म्हणजे क्षणभर दोघेही थबकत. त्यापैकी एकाने हात हलविला आणि दुसऱ्याने मान लववली, तर दोघेही आपापल्या वाटेने निघून जात. तो दुसरा कोण होता, कोणत्या देशाचा, कोणत्या वयाचा, हे कधीच कळणार नसते. तथापि त्याने तलवार उगारली नाही, हा निर्णय कोण्या यंत्राने घेतलेला नसतो. पडद्यापलीकडे बसलेल्या एका मनुष्याने तो घेतलेला असतो. लुटुपुटीच्या माळावर घडलेले हे सौजन्य लुटुपुटीचे नव्हे.

येथे मूळ प्रश्नाच्या उत्तराची पहिली खूण सापडते. खेळातील तलवार खोटी, अजगर खोटा, सोने खोटे. परंतु त्यांच्या निमित्ताने एका माणसाने दुसऱ्याशी केलेले वर्तन खरे असते. दिलेला शब्द पाळला जातो किंवा मोडला जातो. मदत मागितली जाते, आणि ती मिळते किंवा नाकारली जाते. याला तेथे दुसरी लुटुपुटीची आवृत्ती नाही.

ही गोष्ट सर्वाधिक स्पष्टपणे दिसते ती मोठ्या मोहिमांमध्ये. 'एव्हरक्वेस्ट'मध्ये मरण पावलेल्या खेळाडूची शस्त्रे आणि चिलखत त्याच्या प्रेतापाशीच पडून राहत. ती परत मिळविण्यास बहुधा सोबत लागे, आणि गेलेला अनुभव परत मिळावा म्हणून कोणा धर्मोपदेशकाने येऊन संजीवनमंत्र म्हणावा लागे. एकट्याने तेथे फार दूर जाताच येत नसे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या पहिल्या पर्वात रॅगनॅरॉस नावाचा अग्निदैत्य होता. त्याला मारावयास चाळीस माणसांचे दळ लागे. त्यात श्रमविभाग ठरलेला असे. खेळाडूंच्या भाषेत 'टँक' म्हणविणारे काही योद्धे दैत्याचा मार स्वतःवर ओढून घेत. 'हीलर' त्यांच्या जखमा भरून काढीत. उरलेले सारे प्रहार करीत. या रचनेत मौज अशी की, सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत कमी नजरेत भरे. हीलरने दैत्यावर एकही वार केलेला नसे. संपूर्ण लढाईभर तो दैत्याकडे न पाहता आपल्या सोबत्यांच्या कमीजास्त होणाऱ्या प्राणरेषांकडे पाहत असे. लढाई जिंकली तर जयजयकार इतरांचा होई, हरली तर पहिला प्रश्न त्याला विचारला जाई. शुश्रूषा करणाऱ्यांच्या नशिबी सर्वत्रच हे आहे.

चाळिसांपैकी एकाने चुकीच्या जागी पाऊल टाकले तर कित्येकदा सारे दळ भुईसपाट होई. मग सर्वांचे आत्मे पुन्हा स्मशानातून धावत येत आणि प्रारंभापासून आरंभ होई. एकाच दैत्यापुढे अशा कित्येक रात्री, कित्येक आठवडे जात. न्यूयॉर्कचा विद्यार्थी, लीड्सची परिचारिका आणि ओस्लोचा सुतार ठरल्या वेळी येऊन बसत, कारण आपण आलो नाही तर एकोणचाळीस माणसांची रात्र वाया जाईल हे प्रत्येकाला ठाऊक असे. दैत्य पडला म्हणजे त्याच्या संग्रहातून चाळीस जणांत मिळून दोनचारच मौल्यवान वस्तू निघत, आणि तोच दैत्य पुन्हा मारावयाचा तर नवा आठवडा उजाडावा लागे. साहजिकच वाटणीचा प्रश्न उभा राही. खेळ बनविणाऱ्या कंपनीने त्याचे उत्तर दिलेले नव्हते. ते खेळाडूंनीच शोधले. 'एव्हरक्वेस्ट'च्या काळापासून त्यांच्या संघांनी, ज्यांना 'गिल्ड' म्हणतात, हजेरीचे आणि कामगिरीचे गुण मांडून ठेवण्याची पद्धत पाडली. जो नियमाने येतो त्याचे गुण साठतात, आणि हवी ती वस्तू त्या गुणांच्या मोबदल्यात त्याला मागता येते. यासाठी खतावण्या राखल्या गेल्या, कारभारी नेमले गेले, तक्रारी ऐकण्याच्या रीती ठरल्या. नेत्याने आपल्या मित्राला झुकते माप दिले म्हणून चांगली गिल्डे फुटली, आणि हिशेब चोख ठेवणाऱ्या एखाद्या अबोल कारभाऱ्यामुळे सामान्य गिल्डे वर्षानुवर्षे टिकली. गावची भिशी, सहकारी पतपेढी किंवा गणेशोत्सवाचे मंडळ ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यात अपरिचित असे काही वाटणार नाही. माणसे एकत्र आली की त्यांना न्याय लागतो, आणि न्यायासाठी वही लागते.

यापुढचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. खेळाडूंची गैरसोय दूर करावी म्हणून कंपनीने हळूहळू सुधारणा केल्या. डिसेंबर २००९ मध्ये अशी योजना आली की, मोहिमेसाठी सोबती शोधीत नगरात हिंडण्याचे कारण उरले नाही. एक कळ दाबली की यंत्रच चार अनोळखी सोबती जुळवून देई आणि पाचही जणांना थेट गुहेच्या तोंडाशी नेऊन सोडी. वेळ वाचला, प्रवास टळला, नकाराचे दुःख संपले. तथापि पुष्कळ जुन्या खेळाडूंच्या लक्षात आले की, आता सोबत्यांशी कोणी बोलत नाही. काम संपले की माणसे निरोप न घेता अंतर्धान पावतात. पूर्वी दुर्वर्तनी माणसाची कीर्ती गावभर होई आणि त्याला कोणी सोबत घेत नसे. आता यंत्र रोज नवे चार सोबती देत असल्यामुळे कोणाला कोणाची पर्वा उरली नाही. अखेर २०१९ च्या ऑगस्टमध्ये, खेळाडूंच्या दीर्घकाळच्या मागणीवरून, कंपनीला तो जुना, संथ आणि गैरसोयीचा खेळ त्याच्या मूळ रूपात पुन्हा सुरू करावा लागला, आणि त्यासाठी झुंबड उडाली. त्यात गतकाळाची ओढ होती हे खरेच. परंतु तेवढेच नव्हते. जेथे एकाला दुसऱ्याची गरज पडते तेथेच नाते जडते, आणि गरज नाहीशी केली की नाते आपोआप सुटते, हा धडा त्या प्रयोगाने दिला. आपल्या शहरांतील वाडे जाऊन सदनिका आल्या, तेव्हाही काहीसे असेच घडले होते.

याचा अर्थ या जगात सर्व संतसज्जनच नांदतात असा नव्हे. रिचर्ड बार्टल यांनी १९९६ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. संपत्ती आणि पद मिळविण्यात रमतात ते चौकट. नवनव्या वाटा धुंडाळतात ते इस्पिक. गप्पागोष्टींसाठी येतात ते बदाम. आणि इतरांना छळण्यात ज्यांना आनंद वाटतो ते किलवर. चारही रंग असल्यावाचून डाव पुरा होत नाही, आणि कोणत्याही एका रंगाचा अतिरेक झाला तर डाव बिघडतो, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल.

सामुदायिक लोभाचे उदाहरण 'अल्टिमा ऑनलाइन'ने घालून दिले. त्या जगात गवत, गवत खाणारे प्राणी आणि त्यांच्यावर जगणारी श्वापदे असे निसर्गाचे एक चक्र योजिले होते. भक्ष्य कमी झाले की श्वापद वस्तीकडे वळेल, अशी कल्पना होती. परंतु जग खुले होताच खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या झपाट्याने मारला की चक्र फिरावयास अवसरच मिळाला नाही, आणि रचनाकारांना ती योजना सोडून द्यावी लागली. प्रत्येकाने आपल्यापुरता एकच ससा मारला होता. गायरानाचा नाशही असाच, कोणाच्याही एकट्याच्या अपराधावाचून होत असतो.

त्याहून अधिक विचार करावयास लावणारी घटना सप्टेंबर २००५ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये घडली. एका नव्या मंदिरातील हक्कार नावाच्या सर्पदेवतेशी लढताना खेळाडूंना रक्तदोषाची बाधा होई, आणि ती जवळ उभ्या असणाऱ्यालाही लागे. ही बाधा त्या मंदिरापुरतीच राहावी असा उद्देश होता. परंतु काही खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर ती बाहेर आली आणि गजबजलेल्या राजधान्यांत पसरली. बलवान खेळाडू कसेबसे तगले. नवखे क्षणात मेले. यंत्रचालित दुकानदार स्वतः मरत नसत, पण गिऱ्हाइकांना बाधा देत राहिले. रस्तोरस्ती सापळे पडले. तेव्हा जे घडले ते कोणी लिहून ठेवलेले नाटक नव्हते. काहीजण शहर सोडून रानात पळाले. काही हीलर, कोणी सांगितलेले नसताना, चौकात उभे राहून अनोळखी माणसांवर उपचार करू लागले. कित्येक केवळ कुतूहलाने साथ पाहावयास आले आणि तिचे वाहक झाले. थोडे असेही निघाले की, ज्यांनी हेतुपुरस्सर बाधा घेऊन ती गर्दीत नेली. कंपनीने विलगीकरणाचा प्रयत्न केला, तो कोणी पाळला नाही. शेवटी त्या जगाची यंत्रणाच नव्याने मांडून साथ आवरावी लागली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोघा संशोधकांनी २००७ साली वैद्यकातील 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस' या नियतकालिकात या प्रसंगावर निबंध लिहिला. साथीच्या गणितात मनुष्याच्या भित्रेपणाला, धैर्याला आणि नुसत्या कुतूहलाला जागा कशी द्यावी, याचा विचार त्यात होता. २०२० साली साऱ्या जगावर खरी महामारी कोसळली, तेव्हा या निबंधाची अनेकांना आठवण झाली. शहर सोडून निघालेले लोंढे, अनोळखी रुग्णांची सेवा करणारे स्वयंसेवक आणि नियम मोडण्यात पुरुषार्थ मानणारे उडाणटप्पू, हे तिन्ही नमुने या खेपेस पडद्याबाहेर दिसले.

आता या खेळांच्या दोषांकडे वळणे अवश्य आहे, कारण ते दोष काल्पनिक नाहीत. ज्या जगाला अंत नाही त्यातून उठण्याची वेळही ठरलेली नसते. गोष्ट संपते म्हणून पुस्तक मिटता येते. येथे गोष्ट संपतच नाही. बक्षीस कधी मिळेल हे अनिश्चित ठेवण्याची युक्ती जुगाराच्या अड्ड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि खेळांच्या रचनेतही ती शिरली आहे. सोबत्यांना दिलेला शब्द हा या खेळाचा सद्गुण; पण त्याच शब्दाखातर परीक्षा बुडविणारे, नोकरी गमावणारे आणि घरच्यांचा शब्द मोडणारेही निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या अनावर आसक्तीला विकार म्हणून स्थान दिले आहे. मात्र तेथेही केवळ तास मोजून निदान करावे असे सांगितलेले नाही. खेळावरचा ताबा सुटणे, आयुष्यातील इतर सर्व गोष्टींपुढे खेळाला अग्रस्थान मिळणे, आणि हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे, या तीन लक्षणांवर भर आहे, आणि ती सामान्यतः वर्षभर दिसावी लागतात. ही कसोटी शहाणपणाची आहे. तिच्यात भीतीला स्थान नाही आणि दुर्लक्षालाही नाही.

दुसरा दोष क्वचित बोलला जातो. या राज्याचे नागरिक खरे असले तरी त्यांना नागरिकत्वाचे हक्क नाहीत. जमीन कंपनीची, कायदा कंपनीचा, आणि आकाश केव्हा मिटावयाचे तेही कंपनीच ठरविणार. 'सिटी ऑफ हीरोज' या अतिमानवी वीरांच्या खेळाला २०१२ साली हा अनुभव आला. बंद होण्याची वार्ता कळताच हजारो खेळाडू त्या नगरातील एका चौकात मशाली घेऊन उभे राहिले. निषेध शांततेचा होता, आणि निष्फळ ठरला. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी ते नगर मावळले. पुढे २०१९ साली खेळाडूंनी ते स्वतःच्या बळावर पुन्हा उभे केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या एका गटाला ते चालविण्याचा रीतसर परवानाही मिळाला. नगर म्हणजे घरे की माणसे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्या बारा वर्षांनी आपल्या परीने दिले.

हे सर्व मनात ठेवून एका घटनेकडे पाहावे. नॉर्वेत मॅट्स स्टेन नावाचा एक तरुण होता. त्याला जन्मतःच स्नायू क्षीण करीत नेणारा ड्युशेन नावाचा असाध्य विकार होता. बालपणीच चाकांची खुर्ची आली, पुढे श्वासासाठीही यंत्राची मदत लागू लागली. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने बहुतांशी संगणकापुढे, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळण्यात घालविली. आईवडील प्रेमळ होते, आणि त्यांना दुःख एकाच गोष्टीचे होते: आपल्या मुलाला मैत्री लाभली नाही, प्रेम लाभले नाही, कोणाच्या उपयोगी पडण्याचे समाधान लाभले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला. तो इंटरनेटवर आपले अनुभव लिहीत असे. त्याच जागी वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता कळविली, आणि ती कोणी वाचील अशी त्यांना फारशी आशा नव्हती. त्यानंतर पत्रांचा ओघ सुरू झाला. निरनिराळ्या देशांतील माणसे लिहीत होती. आयबेलिन या नावाने वावरणाऱ्या त्यांच्या मुलाने कोणाला निराशेच्या दिवसांत धीर दिला होता. एका आईला, आपल्या अबोल मुलाशी खेळाच्या द्वारे बोलते कसे व्हावे, हे सुचविले होते. तो कधी चिडत असे, दुखवीत असे, हेही त्यांना ठाऊक होते, कारण मित्राला मित्राचे दोष ठाऊक असतात. आपले आजारपण मात्र त्याने फार काळ लपविले होते. खुर्चीतून उठू न शकणारा तो तरुण त्या जगात धावत असे. अंत्यविधीस त्याच्या गिल्डचे काही सदस्य परदेशांतून आले. २०२४ साली बेंजामिन री यांनी याच जीवनावर केलेला अनुबोधपट प्रदर्शित झाला. गिल्डने जपून ठेवलेल्या संभाषणांच्या नोंदींवरून त्यात आयबेलिनचे जीवन पुन्हा उभे केले आहे.

या घटनेवरून खेळाची वकिली करणे चुकीचे होईल. प्रत्येक बंद खोलीत आयबेलिन नसतो. काही खोल्यांत खरोखरच एकाकी, चाकोरीत सापडलेले मूल असते, आणि त्याला बाहेर काढणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्यच असते. परंतु बंद दारावरून आत काय चालले आहे ते कळत नाही, एवढे तरी ही घटना निश्चित शिकविते. भारतात संगणकावरील अशा विशाल जगांपेक्षा मोबाइलवरील खेळांचा प्रसार फार मोठा आहे. तथापि पुण्याच्या सदनिकेत काय किंवा इंदूरच्या वाड्यात काय, आईबापांच्या तोंडी प्रश्न एकच असतो: 'किती वेळ खेळणार?' हा प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला दुसराही विचारावयास हवा: 'कोणाबरोबर खेळतोस?' मूल मैदानावर जात असते तर हा प्रश्न कोणत्याही आईने प्रथम विचारला असता. तेथे तुझे सोबती कोण, ते तुझ्याशी कसे वागतात, तू त्यांच्याशी कसा वागतोस, गेल्या आठवड्यात कोणाला मदत केलीस आणि कोणाला फसविलेस? याला मुलाकडे उत्तर असेल तर त्याच्या खेळात माणसे आहेत असे समजावे. उत्तरच नसेल, तर काळजीचे कारण आहे, मग घड्याळात तास कितीही थोडे भरोत.

भातुकली संध्याकाळी आवरली जाते, पण त्या निमित्ताने जडलेली मैत्री टोपलीत भरून ठेवता येत नाही. कोणाचे बोळके कोणी फोडले आणि कोणी आपले देऊन टाकले, हे पुष्कळांच्या जन्मभर लक्षात राहते. संगणकावरील विशाल भातुकलीलाही हाच न्याय लागू आहे. तेथील राज्य लुटुपुटीचे असेल, पण तेथे मनुष्य मनुष्याला भेटतो, आणि त्या भेटीत तो कसा वागला याची जबाबदारी कोणत्याही टोपणनावाआड लपत नाही.